न काढलेला फोटो

गडहिंग्लजकडच्या बायका 'मी येते' म्हणत नाहीत. 'मी येतो' म्हणतात.

पांढऱ्या शर्टावर पडलेलं ऊन शर्टावर थांबत नाही.

"माझी सून आहे तशी दाखव. तुझ्या दुकानातली नको."

काटा काढतात. डाग काढतात. समजूत काढतात. दिवस काढतात. फोटोही काढतातच.

लग्नाच्या कार्यालयातली भिंत मोकळी ठेवायची पद्धत आता गेली.

"क्षमस्व, दादा. हा फोटो उघडता येत नाही, कारण तो काढलेला नाही."

●

यातलं शेवटचं वाक्य 'रंगारी' बोलला आणि बोलून बंद पडला. पडदा काळा झाला. त्या काळ्यात अमृता घुगरेला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते काही फार शहाण्या बाईचं दिसत नव्हतं.

रंगारी म्हणजे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. गडहिंग्लजमधल्या कडगाव रोडवरच्या घुगरे फोटो स्टुडिओत तो आल्यापासून अमृतानं माऊसला हात लावला नव्हता. सांगायचं आणि चहा पीत बघायचं. "डोळे उघड" म्हटलं की फोटोत पेंगलेली वरमाय टक्क जागी व्हायची. "पोट आत घे" म्हटलं की नवऱ्याचा बाप शिडशिडीत. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिनं अशी तोंडी सजवून दिली होती.

आजचं काम मात्र घरचं होतं. रविवारी तिच्या शर्वरीचं लग्न. कार्यालयाची दारासमोरची अख्खी भिंत म्हणजे एकच पडदा. त्यावर नवरा-नवरीचं बाळपणापासूनचं आयुष्य सरकत राहतं आणि जेवणाच्या रांगेत उभी माणसं त्याला नावं ठेवतात. दुसऱ्यांच्या मुलींच्या भिंती करून हात दुखलेल्या अमृताला आपल्या मुलीची भिंत अशी करायची होती, की रांगेनं जेवण विसरावं. आणि एक करायचं होतं. त्या भिंतीवर तिचा भाऊ, धैर्यशील नलवडे, कुठंही दिसता कामा नये.

भावाला लग्नाचं बोलावणंच नव्हतं. तो इथनं जवळ, नूलला राहायचा. तीन वर्षं बोलाचाल बंद.

कारण ऐकून लोक हसायचे. धैर्यशीलच्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो अमृतानं काढले होते, आत्या म्हणून, हौसेनं. सून सावळी. अमृतानं रोजच्या सवयीनं "उजळ" म्हटलं आणि रंगारीनं पोरीला केळीच्या गाभ्यासारखी करून टाकली. फोटो तिथंच पडद्यावर आले. भरल्या मंडपात, व्याह्यांसमोर, धैर्यशील बोलला: माझी सून आहे तशी दाखव, तुझ्या दुकानातली नको. एवढ्यावर ते निभावलं असतं. पण लग्नाचा अल्बम त्यानं संकेश्वरच्या स्टुडिओला दिला. सख्खी बहीण फोटोग्राफर असताना. जे काही तुटलं ते तिथं तुटलं.

"मामा नसेल तर मला मांडवात कोण आणणार?" शर्वरीनं महिन्यापूर्वी विचारलं होतं.

"शेजारचे देसाई काका आणतील की. त्यांनाबी तू मामाच म्हणतीस."

"मी त्यांना रिक्षावाले मामा म्हणतो."



●

सकाळी यंत्र सुरू केलं तेव्हाच कळलं, की रात्रीतून रंगारीनं कुणाला न विचारता स्वतःचं अपडेट करून घेतलं आहे.

"नमस्कार दादा," तो म्हणाला.

"दादा कुणाला म्हणायलास?"

"आपल्या बोलण्यातील क्रियापदांवरून मी आपल्याला ओळखतो. आता सुरुवात करायची का, दादा?"

"करतो की," अमृता म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की गाडी इथंच घसरली आहे.

शर्वरी मेंदीच्या हातांनी दारात उभी होती. ती हसून हसून खाली बसली. "मम्मी, आता मिशीबी लावंल तुला."

अमृतानं दुर्लक्ष केलं. शर्वरीचे सगळे जुने फोटो तिनं एकत्र पुढं घेतले, सवयीनं भावाचं जे नाव तोंडात होतं तेच घेतलं आणि म्हणाली, "यातनं दादाला काढ."

रंगारीनं इमानेइतबारे काढलं. बारशाच्या फोटोत शर्वरी हवेत तरंगत होती. तिला घेतलेले हात गेले होते. वाढदिवसाच्या केकवर सुरी एकटीच उभी. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीच्या वर केलेल्या हातात कुणाचंच बोट नव्हतं. दादा म्हणजे अमृता, असं सकाळीच ठरलं होतं ना.

"आई अंबाबाई," अमृता म्हणाली आणि कितीतरी वर्षांनी माऊस शोधायला उठली.

●

इथं रंगारीच्या नव्या अपडेटमध्ये काय होतं ते सांगायला हवं.

पूर्वीची सॉफ्टवेअरं फोटोतून माणूस काढायची ती शिंप्यासारखी: माणसाच्या आकाराचं कापड कापायचं आणि मागच्या भिंतीचं ठिगळ लावायचं. माणूस जायचा, पण त्याचा उजेड राहायचा. कारण फोटोतला उजेड फक्त सूर्याचा किंवा दिव्याचा नसतो. उजेड एका वस्तूवर आपटतो, तिचा थोडा रंग घेतो आणि शेजारच्या वस्तूवर जाऊन पडतो, तिथनं पुढच्या. लाल साडीतल्या बाईशेजारी बसलेल्या पोराच्या गालावर लाली असते ती त्याची नसते, साडीची असते. आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही. पण फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात ते नोंदलेलं असतं.

नवा रंगारी हे ठिपके उलटे वाचायचा. हा किरण इथं कुठून आला, त्याआधी कुठं आपटला, त्याआधी कुठं, असा माग काढत तो त्या क्षणाची अख्खी खोली उभी करायचा; चौकटीतली आणि चौकटीबाहेरचीही. डोळ्यांच्या बाहुल्या, चष्मे, ताटं, खिडकीच्या काचा, जे जे चमकतं ते त्याला आरशासारखं उपयोगी पडे. मग माणूस काढायचा म्हणजे त्यानं इतरांवर टाकलेला सगळा उजेड आणि सगळी सावली मोजून काढायची. तो तिथं कधी नव्हताच, असं जग परत मांडायचं.

जाहिरातीत याला 'निखळ काढणी' म्हटलं होतं. सोयाबीनसारखं.

●

अमृतानं एका फोटोत धैर्यशीलच्या तोंडावर टिचकी मारून नाव लिहिलं: दादा. स्वतःच्या तोंडावर लिहिलं: मम्मी. मग परत म्हणाली, "दादाला काढ. सगळ्यांतनं."

या वेळी बरोबर माणूस गेला.

काम सुरेख होतं, हे तिला कबूल करावंच लागलं. कुठं जोड नाही, कुठं डाग नाही. फक्त फोटो पहिल्यासारखे राहिले नव्हते. आंबोलीच्या दगडावर बसलेली चार वर्षांची शर्वरी पूर्वी कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. आता डोळे मिटून, नाक वाकडं करून बसली होती. रंगारीचं म्हणणं सरळ होतं: शेजारचा उंच माणूस गेला, त्याची सावली गेली, ऊन पोरीच्या थेट डोळ्यांत आलं, आणि एवढ्या उन्हात पोरं हसत नाहीत. महागावच्या जत्रेतल्या फोटोत पाळण्याच्या दिव्याखाली तिच्या तोंडाची एक बाजू गुलाबी होती, ती विझली. धैर्यशीलच्या फेट्याची होती ती.

"चांगलं झालंय की," अमृता म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. शर्वरी मेंदी धुवायला गेली होती.

आणि मग तो एक फोटो आला, न् रंगारी पडला.

फोटोत तिघं होती. अमृता, तिचा नवरा महेश आणि मध्ये दोघांचं एकेक बोट धरून उभं असलेलं, पाय फाकवलेलं, नुकतं चालायला लागलेलं पोर. फोटोग्राफरच्या घरात अशा फोटोचा दुष्काळ असतो. अमृता फोटो काढायची तेव्हा फोटोत बापलेक. तिनं कॅमेरा महेशकडं दिला की मायलेक, तीही डोकं कापलेली. तिघं एकत्र, तिघांची डोकी जागेवर, असा शर्वरीच्या लहानपणाचा हा एकुलता एक फोटो. भिंतीच्या मधोमध तोच मोठा करून लावायचा, हे ठरलेलं होतं.

क्षमस्व, दादा. हा फोटो उघडता येत नाही, कारण तो काढलेला नाही.

तिनं यंत्र बंद करून सुरू केलं. रंगारी परत घातला. तात्पुरत्या फायली पुसल्या. प्लग काढून परत घालण्याचा महेशचा सल्ला तिनं फोनवरच उडवून लावला. प्रत्येक वेळी रंगारी आनंदानं उठायचा, "नमस्कार दादा" म्हणायचा, त्या फोटोशी यायचा आणि लोळायचा.

●

मदतकेंद्रावर माणूस मिळाला, हेच नवल. मोनाली नावाची मुलगी होती, अमरावतीकडची.

"बोला दादा... थांबा. तुम्ही तर ताई आहात ना? इथं दादा दाखवून राहिलं."

"ते सोड. फोटो उघडत नाही, त्याचं बघ."

मोनालीनं बघितलं. बराच वेळ तिकडून नुसता टकटक आवाज. मग ती हसली. "ताई, तुम्ही ज्यांना काढून राहिल्या, ते या फोटोत नाहीतच."

"ते मलाबी दिसतंय. म्हणून तर ह्या फोटोला काय धाड भरली, ते विचारतोय."

"पण फोटो त्यांनीच काढलाय ना जी."

अमृतानं खुर्ची पुढं ओढली.

"लहान मुलीच्या डोळ्यांत दिसतात ते. बाहुलीत. उंच आहेत, पांढरा शर्ट आहे, हातात मोबाइल. आता पाहा. तुम्ही तिघं सावलीत उभे. भिंतीजवळ. ऊन खिडकीतून आलं ते तुमच्यावर नाही पडलं, त्यांच्या शर्टावर पडलं. शर्टावरून तुमच्या तोंडावर आलं. या फोटोत जेवढा उजेड आहे ना, तो सगळा त्या शर्टाचा आहे."

अमृताला शिकवायची गरज नव्हती. सावलीतल्या माणसासमोर पांढरं थर्माकोल धरून तोंडं उजळायची, हा तर तिचा रोजचा धंदा.

"मग रंगारी काय करतो," मोनाली सांगत होती, "त्यांचा उजेड काढतो. तुम्ही तिघं काळेठिक्कर. मग त्याला वाटतं, चुकलं, तोंडं तर दिसली पाहिजेत. परत आणतो. पण परत आणले तर ते आले ना. म्हणून परत काढतो. शेवटी त्याला वाटतं, हे नसते तर हा फोटो काढला कोणी? असा फोटोच नाही. मग तो पडतो."

"मग करू काय?"

"हा फोटो सोडा. नाही तर त्यांना राहू द्या. अन् ताई, 'काढ' शब्द जरा जपून. या अपडेटात 'काढ'चे लई अर्थ घातले. फोटो काढ, चित्र काढ, नाव काढ, आठवण काढ. सगळे कळतात त्याला. फक्त कधी कोणता, ते नाही कळत."

"आठवण काढायची म्हणजे काय करायचं यंत्रानं?"

"ज्याची काढायची, त्याची खूण असलेला प्रत्येक फोटो समोर आणतो. चांगलं आहे ते, लोकांना आवडून राहिलं." मोनाली थांबली. "कोण आहेत ते, ताई?"

"कोण नाही," अमृता म्हणाली. "मुलीचा मामा."

"अच्छा," मोनाली म्हणाली. त्या एका शब्दात तिनं सगळं लग्न बघून घेतलं असावं.

●

शर्वरी धुतलेले हात हुंगत आत आली. मेंदी रंगली होती. पडद्यावर रंगारी नुकताच उठून उभा होता.

"तो तिघांचा फोटो झाला?"

"तो नाही लावायचा."

"का?"

"खराब झालाय."

"मम्मी, मला दुपारभर ऐकू येत होतं सगळं. भिंत पातळ आहे." शर्वरी स्टुलावर बसली. "मामानं काढलेला आहे म्हणून नाही लावायचा?"

"मामानं काढला म्हणून उघडत नाही. मी काय करू?"

"आधी त्याला फोटोतनं काढलास. आता त्यानं काढलेला फोटोबी काढलास. उद्या म्हणशील, आज्जीनं त्याला काढलाच नव्हता."

"शर्वरी, बोलायचं भान ठेव."

"साखरपुड्यात चुकलं होतं कुणाचं, ते तरी सांग. वहिनी आठ दिवस रडत होती, माहीत आहे तुला? आरशासमोर. म्हणत होती, मी त्यांना अशी पाहिजे होतो वाटतं."

हे अमृताला माहीत नव्हतं. तिनं खुर्ची फिरवली. चूक कळली की आवाज चढतो, तसा तिचा चढला.

"हे बघ, रविवारपर्यंत या घरात दादाची आठवण काढू—"

'नकोस' म्हणायच्या आत रंगारीनं काम सुरू केलं होतं.

पडदा भरायला लागला. आधी ते फोटो, ज्यांत धैर्यशील उभा, बसलेला, जेवणारा, पोराला खांद्यावर घेतलेला. मग ते, ज्यांत तो दिसत नव्हता. रंगारी प्रत्येकावर पिवळं वर्तुळ काढून दाखवत होता: गॅदरिंगच्या फोटोत पहिल्या रांगेच्या चष्म्यात तो. पितळी समईच्या कंबरेवर तो. अमृताच्या स्वतःच्या लग्नात तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांच्या एकेका मण्यात तो, फोटोग्राफरच्या मागं उभा, इवलासा, पन्नास वेळा.

मग फोटो सरकत नव्या तारखांना आले. अमृताला वाटलं, आता थांबेल. तीन वर्षं तो कुठंच नव्हता.

एक आणखी आला.

गेल्या वर्षीचा, कोल्हापूरचा. शर्वरीचं पदवीदान. काळा डगला घातलेली शर्वरी आणि तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली. फोटो अमृतानंच काढला होता. वर्तुळ बाटलीच्या पोटावर होतं. रंगारीनं त्या गोल स्टीलवरचं वाकडं प्रतिबिंब उलगडून सरळ केलं: आधी कॅमेरा डोळ्याला लावलेली अमृता. तिच्या मागं गाड्या. त्यांच्या मागं एक झाड. झाडाला टेकून एक माणूस, कडेनं ऊन लागून चमकणारं टक्कल.

अमृता बघत राहिली. तो तिच्या पाठीशी उभा होता. ती वळली असती तर दिसला असता.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मीच कळवलं होतं," शर्वरी म्हणाली. "म्हणाला, पुढं येणार नाही. तुझी मम्मी फोटो काढत असती, तिचा हात हलंल."

●

"हॅलो."

"कोण?"

"मी."

"मी म्हणणाऱ्या लई आहेत जगात. नाव सांगा."

"दादा, पदवीदानाला आलतास?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कोण म्हटलं?"

"बाटलीत दिसलास."

"मी बाटलीला हात लावत नाही, सगळ्या नूलला माहीत आहे."

"पाण्याच्या रे. शर्वरीच्या हातातल्या. टक्कल चमकलंय."

"ऊन होतं," धैर्यशील म्हणाला. मग म्हणाला, "झाडाखाली होतो मी. तिथनं दिसायचं कारण नाही."

"जेवलास का तिथं?"

"वडापाव खाल्ला."

"आम्ही थाळी घेतली," अमृता म्हणाली, आणि तिचं तिलाच कसं तरी झालं. "दादा, त्या पोरीचं चुकलं माझं. सुनेचं. सवय रे, तोंडातनं जातं. मी येऊन तिला सांगतो."

"सांग. माझंबी एक चुकलं. संकेश्वरवाल्याला दिला नको होता अल्बम. पार कचरा केलाय त्यानं. व्याह्यांचं नाक गेलंय एका फोटोत."

"सबंध नाक?"

"सबंध. नुसती मिशी आहे. व्याही अजून म्हणतात, तुमच्या बहिणीनं केलं असतं तर निदान नाक राहिलं असतं."

अमृता हसली. तिकडं तोही हसत असावा. त्याचा श्वास लागल्यासारखा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"रविवारी ये."

"फोनवर?" धैर्यशीलचा आवाज एकदम थोरल्या भावाचा झाला. "नवरीच्या मामाला फोनवर बोलावणं? अक्षता नाहीत, कुंकू नाही, माणूस नाही दारात. कुठल्या घरात वाढलीस?"

"आणतो अक्षता."

"कधी?"

"आत्ता निघतो."

"महेशरावांनाबी आण. एकटी येऊन भांडशील. आणि फोटो काढायचा तर मला आहे तसा काढायचा. टकलावर केस नकोत."

"काढतो," अमृता म्हणाली.

"आज्ञा समजली नाही, दादा," रंगारी मागून म्हणाला. "कुणाला काढायचं?"

"राहू दे," अमृता म्हणाली.

"कुणाला राहू देऊ?"

"सगळ्यांना."

●

आंबोलीच्या दगडावरची पोर पुन्हा हसायला लागली. जत्रेतला गाल गुलाबी झाला. तिघांचा फोटो पहिल्या हाकेला उघडला. महेशनं तो नूलला जाताना गाडीत मोबाइलवर मोठा करून बघितला आणि म्हणाला, की यात आपण बरे दिसतो, याचं श्रेय शर्टाला देणं बरोबर नाही.

रविवारी भिंतीसमोर रांग अडली. वाढपी ओरडत होते, पानं गार होत होती. रंगारीनं अपडेटमध्ये शिकलेली एक गोष्ट अमृतानं ठेवून घेतली होती: तिघांचा फोटो भिंतीवर आला की शर्वरीच्या डोळ्याची बाहुली हळूहळू भिंतभर मोठी व्हायची, आणि त्यात पांढऱ्या शर्टातला, भरघोस केसांचा, मोबाइल उलटा धरलेला एक तरुण माणूस उभा असायचा. सावळी सून आपल्या पोराला कडेवर घेऊन ते पुन्हा पुन्हा बघत होती. "आजोबा," ती पोराला सांगत होती. पोर मानायला तयार नव्हतं.

अमृतानं त्या दोघांचा फोटो काढला. "उजळ" हा शब्द जिभेवर आला, तो तिनं गिळला.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी धैर्यशीलनं शर्वरीला मांडवात आणलं. तो फार सावकाश चालत होता, म्हणून तीही.

कार्यालय ठरवलं त्या दिवशी, जानेवारीत, बोलाचाल बंद होती तेव्हाच, अमृतानं तळमजल्यावरची एक खोली नवरीच्या मामांसाठी राखून ठेवायला सांगितली होती. गुडघ्यांमुळं धैर्यशीलला जिना चढवत नाही.